रात्री अकरा चाळीसची नोंद

अमळनेरला माझी अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, रेल्वेची तयारी करणारी अठरा ते चोवीस वयाची पोरं-पोरी इथं बसतात. मला सगळे नाना म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात एक पोरगा गच्चीवर खाली मान घालून म्हणाला, "नाना, रोज रातले ते व्हिडिओ देखस. सुटतच नही." पहिली अश्लील क्लिप त्याने शोधली नव्हती. आठवीत असताना गावातल्या क्रिकेटच्या ग्रुपवर ती आपोआप आली होती.

तुझंही असंच असेल तर आधी स्वतःला शिव्या देणं थांबव. शरमेनं माणूस एकटा पडतो आणि एकटं पडलं की हात पुन्हा मोबाइलकडेच जातो.

आठ दिवस वहीच्या शेवटच्या पानावर फक्त तीन गोष्टी लिही: किती वाजले, कुठे होतास, त्याआधी काय घडलं. त्या पोराच्या पानावर होतं, "११.४०, गच्ची, सराव पेपरात ५२." खाली, "११.५०, गच्ची, घरून पैशाचा फोन." आठपैकी सहा नोंदी साडेअकरा ते बारामधल्या. मी विचारलं, बाराच्या आधीच का? तर रोजचा दीड जीबी बारा वाजता बुडतो, म्हणून उरलेला संपवायचा. उन्हाळ्यात आपल्याकडे सगळे गच्चीवर झोपतात, पण चादरीच्या आत प्रत्येक जण एकटाच असतो.

म्हणून गच्चीवर मोबाइल न्यायचा नाही. चार्जर खाली स्वयंपाकघरात लाव, उठायला गजराचं घड्याळ घे. सराव पेपर वाईट गेला त्या संध्याकाळी खोलीवर एकटा जाऊ नकोस, कुणाला तरी घेऊन बोरी नदीकडे चक्कर मार. सगळ्यात जास्त फरक एवढ्यानेच पडतो.

मग व्हॉट्सअ‍ॅपचं मीडिया ऑटो-डाउनलोड बंद कर. असल्या ग्रुपमधून बाहेर पड, त्यात मामाचा पोरगा असला तरी. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' शोधून तिथं 'फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर हायफन डीएनएस डॉट कॉम' हे नाव इंग्रजी अक्षरांत टाक. बहुतेक अश्लील साइट अडतील. टेलिग्राममधलं मात्र अडणार नाही. २०१८ मध्ये सरकारने ८२७ साइट बंद करायला लावल्या, त्यातल्या कित्येक नव्या नावाने परत आल्या. म्हणून सगळा भार सेटिंगवर टाकू नकोस.

क्लिप पुढे पाठवू नकोस, आयटी कायद्याच्या ६७ आणि ६७अ कलमांत तो गुन्हा आहे. अठराच्या आतल्या मुला-मुलीचं काही असेल तर ते नुसतं बघून जपून ठेवणंही गुन्हा ठरतो, असं सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. आणि पोरींनो, कुणी नको असताना असलं काही पाठवलं तर स्क्रीनशॉट ठेवा, 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या सरकारी साइटवर तक्रार करा. तुमची चूक त्यात काहीच नाही.

झोप, अभ्यास, लग्नाची बोलणी, सगळ्यावर याची सावली पडायला लागली तर १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन कर. फुकट आहे, मराठीत बोलतात.

त्या पोराच्या वहीत पंधरा दिवस पान कोरं होतं. सोळाव्या दिवशी पुन्हा नोंद: ११.४०. त्याने ती लपवली नाही, माझ्यासमोर आणून ठेवली. आम्ही दोघांनी पाहिलं, त्या रात्री मोबाइल उशाशी होता. दुसऱ्या दिवसापासून तो पुन्हा स्वयंपाकघरात.