‘करत नाही’ म्हणजे ‘येत नाही’ नव्हे: असेसमेंट टीममधल्या नव्या सोशल वर्करसाठी

दिव्यांग मुलांच्या असेसमेंट टीममध्ये रुजू झाले तेव्हा केस हिस्ट्रीचा फॉर्म भरणं एवढंच आपलं काम, असं मला वाटायचं. जन्माच्या वेळचं वजन, मूल कधी बसलं, कधी बोललं. हे लागतंच, पण ते डॉक्टरही विचारतात.

माझं काम काय ते एका बुटाच्या जोडाने शिकवलं. सहा वर्षांचा मुलगा. “बूट स्वतः घालतो का?” आई म्हणाली, नाही. मीही ‘नाही’ लिहून मोकळी झाले. पुढे गृहभेटीला गेले, तर बाहेर जायचं म्हणताच पठ्ठ्याने बूट चढवले. उजवा डाव्यात, पण चढवले! आई ओशाळून म्हणाली, “सकाळी याच्यासाठी थांबले तर मला कामाला उशीर होतो. मीच घालते.”

बौद्धिक अक्षमतेचं निदान नुसत्या बुद्ध्यंकावर होत नाही. संवाद, स्वतःची कामं, इतरांशी वागणं ही रोजची कौशल्यंही बघावी लागतात, आणि ती माहिती बहुतेकदा घरच्यांकडूनच मिळते. ही कौशल्यं मोजणाऱ्या व्हाइनलँडसारख्या मापनश्रेणीत मूल एरवी काय करतं ते नोंदवतात, काय करू शकेल ते नाही. त्यामुळे कीव येऊन गुण वाढवायचे नसतात. मात्र संधीच मिळत नाही, हे शेजारी लिहायचं. नाहीतर थेरपिस्ट बूट घालायला शिकवत बसणार, आणि अडचण असते सकाळच्या वेळेची.

म्हणून हो-नाहीचे प्रश्न मी कमी केले. “काल उठल्यापासून शाळेला निघेपर्यंत काय काय झालं, क्रमाने सांगा,” एवढंच विचारते. कर्ज, भांडणं, सगळं निघतं त्यातून. त्यातलं मुलाच्या नियोजनाला लागेल तेवढंच, आणि सांगणाऱ्याला विचारून, रिपोर्टमध्ये जातं.

बैठकीत सुरुवातीला माझी पाळी शेवटी यायची, फायली मिटत असताना. आता मी आधी बोलायला मागते. कुणी कुरकुरलं तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आरोग्य आणि अक्षमतेबद्दलच्या २००१ च्या ‘आयसीएफ’ वर्गीकरणाकडे बोट दाखवते: त्यात भोवतालची परिस्थिती हा स्वतंत्र भागच आहे.

रिपोर्ट दिल्यावर पंधरा दिवसांनी फोन करा. “समजलं” म्हणून गेलेले पालक तेव्हा खरे प्रश्न विचारतात. त्या आईने विचारलं होतं, “लेसऐवजी वेल्क्रोचे बूट घेतले तर चालतील ना?”