एक लोअर, दोन अप्पर: बफरचं वजन कसं ठरवायचं

इथे टेक्ससमध्ये माझ्याकडे एआर-१५ रायफलचा लोअर (ट्रिगर आणि दस्त्याचा खालचा भाग) एकच आहे, त्यावर दोन अप्पर (नळी आणि बोल्टचा वरचा भाग) आलटूनपालटून चढतात. दोघांची नळी १६ इंची. एक ५.५६ कॅलिबरचा, मिड-लेंग्थ गॅसचा (नळीतून गॅस घेणारं छिद्र पुढे); दुसरा .३०० ब्लॅकआउट कॅलिबरचा, पिस्टल-लेंग्थ गॅसचा (छिद्र मागे, बोल्टजवळ). बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा भाग) आणि मॅगझिन दोघांना तेच चालतात. बफर (बोल्टच्या मागचं सरकतं वजन) आणि त्याला पुढे ढकलणारी स्प्रिंग लोअरमध्ये, म्हणजे दोघांत सामाईक. बोल्टला मागे ढकलणारा गॅस मात्र ज्याचा त्याचा. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

बफरच्याही आधी एक गोष्ट. .३०० चं काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये (काडतूस बसतं त्या पोकळीत) शिरू शकतं आणि ट्रिगर दाबला तर रायफल फुटते. मी .३०० च्या मॅगझिनना रुंद लाल पट्टी लावलीय आणि रेंजवर एका वेळी एकाच कॅलिबरची पेटी टेबलावर ठेवतो. यात सवलत नाही.

आता वजनं. साधा कार्बाइन बफर सुमारे ३ औंस, म्हणजे ८५ ग्रॅम. त्याहून जड प्रकार: एच ३.८, एच-२ ४.६ आणि एच-३ ५.४ औंसांच्या आसपास. बनवणाऱ्यागणिक थोडा फरक पडतो. आत तीन ठोकळे असतात. कार्बाइनमध्ये तिन्ही पोलादाचे, पुढे एकेक पोलादी काढून टंगस्टनचा घालत गेले की एच, एच-२, एच-३. कानाजवळ हलवलात तर आत ठोकळे सरकल्याचा खटखट आवाज येतो. तो यायलाच हवा, कारण बोल्ट बंद होताना मागून येणारे हे ठोकळे त्याला उसळू देत नाहीत.

मी पहिल्यांदा उलटं केलं. ५.५६ वर एच-२ लावला, धक्का मऊ लागला, खूश झालो. मग .३०० चा अप्पर चढवून २२० ग्रेनच्या जड गोळीची सबसॉनिक (आवाजाहून मंद) काडतुसं भरली. दुसऱ्याच गोळीला रिकामी पुंगळी खिडकीत उभी अडकली आणि बोल्ट तिच्यावर आदळून थांबला. सबसॉनिकचा गॅस कमी, त्याला एवढं वजन मागे ढकलवेना.

म्हणून सुरुवात तुमच्याकडच्या सगळ्यात अशक्त काडतुसापासून करा. सायलेन्सर कधी लावत असाल, तरी ही चाचणी त्याच्याशिवायच घ्या. तो लावला की गॅस वाढतो. मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरा, झाडा, बोल्ट पुरेसा मागे जाऊन तिथेच अडकून राहिला का पाहा. असं पाच वेळा. पाचही वेळा अडकला तर त्याहून जड बफर लावून बघा, एकदाही चुकला तर हलका. माझ्याकडे एच वर पाचात चार वेळा अडकला. चार म्हणजे नापास. कार्बाइनवर पाचही वेळा अडकला, तोच ठेवला. या सगळ्यात स्प्रिंगला हात लावू नका. दोन्ही एकदम बदललं की कशामुळे काय झालं ते कळत नाही.

बफर काढताना रायफल रिकामी असल्याची खात्री करा, हॅमर (ट्रिगर दाबल्यावर आपटणारा भाग) मागे ओढलेला असू द्या, डोळ्यांवर चष्मा हवाच. बफर अडवून धरणारी रिटेनर पिन दाबताना तळहात बफरवर धरा, स्प्रिंग जोरात बाहेर येते.

मग दुसरा अप्पर. कार्बाइन बफरवर माझा ५.५६ पुंगळ्या पुढे, घड्याळातल्या एक-दीडच्या दिशेला फेकायला लागला (नळीचं तोंड बारावर धरून). तीन ते साडेचार बरं. शिवाय पुंगळीच्या कडेला एक्स्ट्रॅक्टरने (तिला ओढून काढणाऱ्या आकड्याने) ओरबाडल्याची खूण, म्हणजे गॅस जास्त. इथे बरेच जण दुसरा बफर विकत घेतात आणि दर वेळी बदलत बसतात. मला ते पटत नाही. घाईत एक दिवस चुकीचा राहतोच. मी त्या अप्परला कमीजास्त करता येणारा गॅस ब्लॉक बसवला. स्क्रू बोल्ट अडकेनासा होईपर्यंत बंद करत नेला, मग अडकेपर्यंत उघडला आणि वर आणखी एक टिचकी, म्हणजे स्क्रूचा एक टप्पा, उघडला. ती जास्तीची टिचकी थंडीतल्या सकाळसाठी आणि काजळी धरलेल्या रायफलसाठी.

काडतुसांचा ब्रँड बदललात, तर त्या पेटीतली पहिली पाच पुन्हा एकेक करून झाडा.