जुन्या पीसीच्या स्पीकरचा आवाज कमी करताना या चुका टाळा

आयबीएमच्या १९८१ च्या पीसीमध्ये आवाज लहानमोठा करणारे रजिस्टरच (चिपमधली आकडा ठेवण्याची जागा) नाही. टायमर चिपचा चॅनेल २ चौकोनी लहर तयार करतो आणि हेक्स ६१ या पोर्टचे (हार्डवेअरशी बोलण्याच्या पत्त्याचे) खालचे दोन बिट ती स्पीकरपर्यंत जाऊ द्यायची की नाही, एवढेच ठरवतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे स्पीकर चालू करण्यासाठी या पोर्टवर सरळ ३ लिहून मोकळे होणे. पीसी आणि एक्सटी या त्याच्या पुढच्या मॉडेलमध्ये याच पोर्टचा बिट ६ कीबोर्डची क्लॉक लाइन सांभाळतो. तो शून्य झाला की कीबोर्ड ठप्प होतो. एटी या त्यानंतरच्या मॉडेलपासून ते काम वेगळ्या कंट्रोलरकडे गेले, त्यामुळे तोच कोड तिथे बिनतक्रार चालतो. एका विद्यार्थ्याने असाच प्रोग्रॅम २८६ वर (एटीतल्या प्रोसेसरच्या मशीनवर) तपासून एक्सटीवर चढवला. सूर वाजला, पण एस्केप दाबून तो थांबेना. वीज बंद करून पुन्हा सुरू केली की कीबोर्ड ठीक चालत असे, म्हणून त्याने सैल जोडणीचा संशय धरला, केबल बदलली, कळा उपसून संपर्क स्पिरिटने पुसले आणि मग मशीन माझ्याकडे आणले. दोष एका ओळीत होता. पोर्टचे मूल्य आधी वाचावे, त्याला ३ ने ऑर करावे (बाकीचे बिट तसेच ठेवून फक्त खालचे दोन १ करावेत) आणि मगच लिहावे. मी मूळ मूल्य बाजूला ठेवतो आणि बाहेर पडताना तेच परत लिहितो. या दोन इन्स्ट्रक्शन वाचवण्याची घाई मला कधीच समजलेली नाही.

दुसरी चूक गणिताची आहे. मोड ३ मधली, म्हणजे टायमरच्या नेहमीच्या चौकोनी लहरीच्या पद्धतीतली, लहर निम्मा वेळ वर आणि निम्मा वेळ खाली असते, म्हणून आवाज कमी करण्यासाठी पल्स अरुंद करावी लागते. परंतु ती ५० वरून २५ टक्के केली तरी मूळ स्वराच्या लहरीची उंची (अ‍ॅम्प्लिट्यूड) ७१ टक्के उरते, आणि ती निम्मी व्हायला पल्स सुमारे १७ टक्क्यांवर आणावी लागते. वरचे हार्मोनिक (मूळ स्वराच्या पटीतले सूर) त्या मानाने घटत नाहीत, त्यामुळे स्वर किरकिरा होतो.

खरा चढउतार हवा असेल तर चॅनेल २ मोड ० मध्ये (एका मोजणीला एकच पल्स) ठेवून, चॅनेल ० च्या इंटरप्टवर (प्रोसेसरला ठरावीक वेळाने मिळणाऱ्या हाकेवर) प्रत्येक पल्सची रुंदी बदलावी. चॅनेल ० चा भाजक (टायमरचे किती ठोके मोजून इंटरप्ट द्यायचा तो आकडा) ७२ घेतला तर सेकंदाला सुमारे १६,५७२ इंटरप्ट येतात आणि पीसीच्या ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ प्रोसेसरला दोन इंटरप्टांमध्ये अवघे २८८ क्लॉक मिळतात. तेवढ्यात सी भाषेतला हँडलर (इंटरप्टला उत्तर देणारा कोड) उरकत नाही. असेम्ब्ली नंतर शिकू म्हणणाऱ्यांनी या वाटेला जाऊ नये.

रुंदी म्हणून शून्य पाठवू नये, कारण टायमर त्याचा अर्थ ६५,५३६ असा घेतो. चॅनेल ० ला मात्र शेवटी शून्यच परत द्यावे, अन्यथा डॉसचे घड्याळ बिघडते. विलंबासाठी रिकामे लूप फिरवू नयेत. वेगवान प्रोसेसरवर सूर चढतो. पिझो बझरवर (शंकूच्या स्पीकरऐवजी असलेल्या छोट्या चकतीवर) ऐकून निष्कर्ष काढू नये.

पीसीज्युनिअर आणि टँडी १००० मध्ये वेगळी ध्वनिचिप आहे; तिथे ० म्हणजे पूर्ण आवाज, १५ म्हणजे शांतता, आणि मधली प्रत्येक पायरी २ डेसिबलची.