डिस्नी वर्ल्डच्या 'साना'मध्ये नान-चटण्या मागवताना

फ्लोरिडाच्या डिस्नी वर्ल्डमध्ये चार दिवसांत पिझ्झा-बर्गरचा कंटाळा येतो. उपाय: तिथल्या अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलमधलं 'साना' रेस्टॉरंट. पार्कचं तिकीट लागत नाही.

१. टेबल ६० दिवस आधी आरक्षित करा. वेळ सूर्यास्तापूर्वीची घ्या, खिडकीतून जिराफ, झेब्रे दिसतात. अंधारात काहीच नाही.

२. 'इंडियन-स्टाइल ब्रेड सर्व्हिस' पूर्ण मागवा: नान, कांद्याचा कुलचा, पनीर पराठा वगैरे आणि सोबत ९ चटण्या-लोणची. दोघांना भरपूर होते. काकडीची कोशिंबीर (रायता) आणि आंब्याची चटणी आधी. लसणाचं लोणचं खरंच तिखट आहे. नान गरम असतानाच संपवा, गार झाला की चिवट होतो.

लॉजच्या दोन इमारती आहेत. 'साना' किडानी व्हिलेजमध्ये आहे. दुसऱ्या इमारतीला, जांबो हाउसला उतरलात तर तिथून इकडे यावं लागेल.