साईक्स कुठले? इंग्रजी आडनावाचं मूळ शोधताना या चुका टाळा

कोल्हापूरकर साईक्स एक्स्टेंशनचा पत्ता सहज सांगतात. माळरानावर दुर्बीण घेऊन फिरणाऱ्यांना साईक्स लार्क हा चंडोल माहीत असतो. तो ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते कर्नल विल्यम हेन्री साईक्स १८२०च्या दशकात दख्खनमध्ये पक्ष्यांपासून लोकसंख्येपर्यंत सगळ्याच्या नोंदी करत हिंडत होते. पुढे १९२८ ते १९३३ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर झाले सर फ्रेडरिक साईक्स. दोघं साईक्स, दोघं मुंबई सरकारचे चाकर, तेव्हा घराणं एकच असणार असं वाटतं आणि पहिली चूक तिथेच होते. कर्नलसाहेब यॉर्कशरमधल्या ब्रॅडफर्डजवळचे, तर गव्हर्नर जन्मले लंडनलगतच्या क्रॉयडनमध्ये. नात्याचा कागद हाती येईपर्यंत दोघांना एका झाडावर चढवू नका. इंग्रजी आडनावांच्या बहुतेक फसलेल्या वंशावळी अशाच घाईतून तयार होतात.

दुसरी चूक जाणकारांकडूनही झालेली आहे. उत्तर इंग्लंडच्या बोलीत साईक म्हणजे पाणथळ जागेतला किंवा शेताच्या हद्दीवरचा बारीक ओढा. यॉर्कशरमध्ये असे ओढे उदंड. मग वेगवेगळ्या ओढ्यांकाठच्या वेगवेगळ्या कुटुंबांना हे आडनाव पडलं असणार, हे अनुमान तर्काला धरूनच होतं. पण २००० साली ऑक्सफर्डचे जनुकशास्त्रज्ञ ब्रायन साईक्स यांनी आपल्याच आडनावाच्या पुरुषांचं, बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र तपासलं, तेव्हा जवळपास निम्म्यांमध्ये एकच ठसा सापडला. म्हणजे सुमारे ७०० वर्षांपूर्वीचा एकच मूळपुरुष असण्याची शक्यता पुढे आली. अर्थावरून मुळं किती हे ठरत नाही. अर्थ फक्त शोध कोणत्या भागात घ्यायचा ते सुचवतो. साईक्सच्या बाबतीत तो भाग म्हणजे यॉर्कशरमधल्या हडर्सफील्डचा परिसर.

आता उरलेल्या निम्म्यांचं काय? लोक इथे लगेच भुवया उंचावतात. त्या अभ्यासाचा हिशेब होता की दर पिढीला साधारण १.३ टक्के वेळा आडनाव आणि रक्त यांची वाट वेगळी झाली असेल, तर इतक्या शतकांत एवढा फरक पडतोच. यात चोरटे संबंधच असतात असं नाही. अविवाहित आईचं मूल तिचं आडनाव लावायचं, सावत्र बापाचं नाव मुलाला चिकटायचं, वारसाहक्कासाठी जावईही आडनाव बदलायचा. शिवाय नमुना पन्नासहूनही कमी पुरुषांचा होता, त्यामुळे त्यावर फार इमले चढवू नयेत. तुमची चाचणी जुळली तरी पूर्वजाचं नाव ती सांगत नाही, आणि नाही जुळली म्हणून हातातला कागद खोटा ठरत नाही.

कोट ऑफ आर्म्सबद्दल थोडक्यात. आडनाव सांगा, ढालचिन्हाचा मग घेऊन जा, अशी दुकानं खूप आहेत. आपल्याकडे देवक अख्ख्या कुळाचं असतं. इंग्लंडमधलं ढालचिन्ह मात्र आडनावाला मिळत नाही, एका व्यक्तीला मिळतं आणि तिच्या वैध वंशातच उतरतं. त्याची नोंद १४८४ साली स्थापन झालेल्या कॉलेज ऑफ आर्म्सकडे असते. यॉर्कशरमधल्याच स्लेडमियरच्या साईक्स सरदारांचं चिन्ह हडर्सफील्डच्या विणकर साईक्सने भिंतीवर लावणं म्हणजे निव्वळ हौस.

खरा घोळ दफ्तरांत होतो. १०८६च्या डूम्सडे बुकात, म्हणजे इंग्लंडच्या राजाने करवलेल्या जमिनींच्या नोंदवहीत, आपलं आडनाव शोधायला जाऊ नका, कारण त्या काळी सामान्य माणसाला वंशपरंपरागत आडनावच नव्हतं. उत्तरेकडे तर ते रुजायला आणखी उशीर लागला. चर्चच्या नोंदवह्या १५३८मध्ये सुरू करण्याचा हुकूम निघाला. पण १५९८मध्ये जुन्या नोंदी चर्मपत्रावर उतरवताना निदान १५५८पासूनच्या उतरवा असं सांगितलं गेलं, त्यामुळे बऱ्याच वह्या त्याच सालापासून सुरू होतात. आधीचं पान नाही म्हणजे कुटुंब बाहेरून आलं, असा निष्कर्ष काढू नये.

सालांची तर निराळीच गंमत. १७५२पूर्वी इंग्लंडमध्ये वर्ष २५ मार्चला बदलायचं. एप्रिल १७१०मध्ये लग्न आणि फेब्रुवारी १७१०मध्ये मुलाचा बाप्तिस्मा अशी नोंद दिसली की नवखा माणूस कपाळावर हात मारतो आणि भलत्याच जोडप्याच्या मागे लागतो. प्रत्यक्षात तो फेब्रुवारी आजच्या हिशेबाने १७११चा, म्हणजे लग्नानंतर दहा महिन्यांनी. आपल्या टिपणात अशी तारीख १७१०/११ लिहावी.

नोंद सापडतच नसेल तर आधी स्पेलिंग बदलून बघा. साईक्स वाय घालून लिहीत, आय घालूनही लिहीत, शेवटचा एस कधी असे, कधी नसे. पाद्री कानावर पडेल तसं लिहायचा. मग भूगोल बघा. यॉर्कशरमधल्या पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतले इलाखे, अवाढव्य होत्या. स्लेथवेटला स्वतःचं छोटं चर्च होतं, तरी ते हडर्सफील्ड पॅरिशमध्ये मोडायचं, तेव्हा बाप्तिस्मा एकीकडे आणि लग्न दुसरीकडे सापडू शकतं. तिथेही नाही? मग कुटुंब अँग्लिकन चर्च सोडून वेगळ्या पंथाच्या चॅपेलमध्ये जात असेल. त्या वह्या १८३७नंतर सरकारने गोळा केल्या आणि आज लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत. जनगणना वापरताना १८४१च्या वयांवर विसंबू नका. पंधरा वर्षांवरच्यांचं वय पाचाच्या पटीत खाली आणून लिहायची सूचना होती, म्हणून ३४ वर्षांचा माणूस तिथे ३० दिसतो. जन्मगावही १८५१पासूनच मिळतं.

आणि शोध पुणे-मुंबईतल्या एखाद्या गोऱ्या कबरीपासून सुरू होत असेल, तर थेट यॉर्कशर गाठू नका. मुंबई इलाख्यातल्या बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या ब्रिटिश लायब्ररीच्या इंडिया ऑफिस दफ्तरात आहेत. माणूस कंपनीच्या फौजेत अधिकारी असेल तर त्याच दफ्तरातले कॅडेट असतानाचे कागद आधी काढा. त्यांना सहसा बाप्तिस्म्याचा दाखला जोडलेला असतो, आणि त्यावर पॅरिशचं नाव असतं.