ऑफरोड गाडीला स्टेपनी कॅरियर बनवून घेताना या चुका टाळा

चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांच्या पठारावरून ठोसेघरमार्गे साताऱ्याकडे उतरत असताना माझ्या जिप्सीच्या मागून पहिल्यांदा 'टक्' असा आवाज आला, तेव्हा हत्यारांच्या पेटीतला एखादा पाना हलत असेल असे समजून मी दुर्लक्ष केले. सज्जनगड फाट्याला थांबून पाहिले, तर स्टेपनीच्या कॅरियरचा आर्म (चाक धरणारा, फाटकासारखा बाजूला उघडणारा दांडा) जिथे स्पिंडलच्या (ज्याभोवती आर्म फिरतो त्या उभ्या खुंट्याच्या) नळीला जोडला होता, त्या वेल्डिंगच्या कडेला रंगावर केसाएवढी बारीक रेघ उमटली होती आणि त्या रेघेतून गंजाचा तांबूस ओघळ खाली आलेला होता. ताज्या तड्याला ओघळ नसतो. म्हणजे तो तडा त्या दिवशीचा नव्हता. पावसाळ्यातले कित्येक दिवस तो तिथेच होता, रोज थोडा वाढत होता, आणि मी गाडी धुताना त्यावरून फडका फिरवत होतो.

ते कॅरियर मी घाईने, तयार नकाशाशिवाय, 'मजबूत करा' एवढ्याच सूचनेवर बनवून घेतले होते. पुढे कऱ्हाडजवळ ऊसाच्या ट्रॉल्या दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रींना तो तुकडा दाखवला. त्यांनी तडा पाहिला आणि म्हणाले, "साहेब, ट्रॉली भरल्यावर तुटत नाही. रिकामी पळवल्यावर तुटते." भरलेली ट्रॉली संथ चालते, रिकामी ट्रॉली खड्ड्यागणिक उडते आणि प्रत्येक उडीला सांध्याला हिसका बसतो. स्टेपनी कॅरियरचे सगळे गणित या एका वाक्यात आहे. चाकाचे नुसते वजन धरणे कोणत्याही चौकोनी पाइपला जमते. हिसका कुठून कुठे जातो याचा विचार न केल्यामुळे कॅरियर तुटतात, खडखडतात किंवा दरवाजा खाली बसवतात.

मोठे चाक मूळ दरवाज्यावरच लटकवणे

बहुतेकांची सुरुवात याच चुकीने होते. कंपनीने मागच्या दरवाज्यावर दिलेला कंस ठराविक चाकासाठी असतो. जिम्नीचे मूळ टायर १९५/८० आर१५ या मापाचे आहे आणि त्याची उंची हिशेबाने ६९३ मिमी येते; त्याऐवजी २३५/७५ आर१५ बसवले, तर उंची सुमारे ७३३ मिमी होते, रुंदी ४० मिमीने वाढते आणि वजनही वाढते. रुंदी वाढल्याने चाकाचा भार दरवाज्यापासून आणखी बाहेर सरकतो, हे मात्र लक्षात घेतले जात नाही. बिजागरीवर येणारी ओढ वजन आणि अंतर यांच्या गुणाकाराने ठरते, त्यामुळे दोन्ही एकदम वाढले की दरवाजा काही महिन्यांत बसू लागतो.

याची लक्षणे ओळखणे सोपे आहे. दरवाजा लावताना तो हाताने किंचित उचलावा लागतो, कुलुपाच्या खिट्टीवर खालच्या बाजूला घासल्याची चकाकती खूण दिसते, आणि पुढे कंसाच्या कोपऱ्यांभोवती पत्र्याचा रंग तडकतो. अशा वेळी अनेक जण दरवाज्याच्या आत आणखी एक पट्टी वेल्ड करून घेतात. त्यामुळे पत्रा वाचतो, पण भार बिजागरीवरच राहतो आणि पट्टीच्या वजनाने तो वाढतोच. चाक ठरवण्यापूर्वी ते रिमसह वजनकाट्यावर टाकून पाहावे. माझे २९ किलो भरले. मूळ चाकापेक्षा फरक मोठा असेल, तर दरवाज्याचा नाद सोडून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्यावर, उभे राहणारे, बाजूला उघडणारे स्वतंत्र कॅरियर करणे हाच मार्ग आहे.

बंपर म्हणजे चॅसी नव्हे

जिप्सी, जिम्नी, थार, बोलेरो, गुरखा या गाड्यांना शिडीसारखी स्वतंत्र चॅसी आहे, ही आपली मोठी सोय आहे. असे असूनही स्पिंडल कित्येकदा बंपरच्या पत्र्यावर उभा केलेला दिसतो. बंपर बाहेरून कितीही जाड वाटला, तरी स्पिंडल ज्या जागी उभा आहे तिथून चॅसीच्या टोकापर्यंत सलग पोलादी मार्ग असलाच पाहिजे. स्पिंडलची नळी बंपरच्या वरच्या पत्र्यातून आत घेऊन खालच्या पत्र्यापर्यंत न्यावी आणि दोन्हीकडे वेल्ड करावी. नुसती वर ठेवून गोल वेल्डिंग केले, तर वरचा पत्रा डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर होतो आणि शेवटी वेल्डिंगच्या कडेने फाटतो.

चॅसीला जोडताना वेल्डिंग टाळावे आणि बोल्ट वापरावेत. बोल्टच्या डोक्यावर ताकदीचा दर्जा सांगणारा ८.८ किंवा १०.९ असा शिक्का असतो, तो पाहून घ्यावा. शिक्का नसलेला बोल्ट इथे घेऊ नये. पेटीसारख्या पोकळ चॅसीतून बोल्ट आरपार घालायचा असेल, तर आत बरोबर मापाचा नळीचा तुकडा, म्हणजे स्लीव्ह, बसवावा लागतो. स्लीव्ह नसेल तर नट आवळताना चॅसीच्या दोन भिंती आत दाबल्या जातात, पत्रा हळूहळू सैल होतो आणि बोल्ट पुन्हा पुन्हा ढिला पडतो. 'दर महिन्याला बोल्ट आवळावे लागतात' ही तक्रार ऐकली की मी आधी स्लीव्ह आहे का ते विचारतो.

गाडीवरच वेल्डिंग करावे लागले, तर बॅटरीची मायनस वायर काढून ठेवावी आणि अर्थिंगचा चिमटा कामाच्या अगदी जवळ लावावा. इंधनाची टाकी आणि ब्रेकच्या नळ्या कुठून जातात, हे खाली वाकून स्वतः पाहिल्याशिवाय मिस्त्रींना रॉड पेटवू देऊ नये.

स्पिंडल: इथे पैसे वाचवू नयेत

कॅरियरच्या आयुष्याचा खरा निकाल स्पिंडलवर लागतो, म्हणून याविषयी थोडे सविस्तर लिहितो. माझ्या पहिल्या कॅरियरला बंगल्याच्या फाटकाला लावतात तशी पिन आणि नळी होती. फाटक आपल्या जागी उभे असते आणि दिवसातून चार वेळा हलते. गाडीच्या मागचे चाक यवतेश्वरच्या घाटात आणि बामणोलीच्या रस्त्यावर तासभर सतत थरथरत असते. पिन आणि नळी यांच्यात अर्धा मिमी जागा असली, तरी साठ सेंटीमीटर लांब आर्मच्या टोकाला ती कित्येक मिमी होते आणि त्या मोकळ्या जागेत चाक हातोड्यासारखे आपटत राहते.

वरच्या आणि खालच्या बेअरिंगमधले अंतर हा दुसरा मुद्दा. २९ किलोचे चाक स्पिंडलपासून ६० सेंटीमीटरवर आहे असे धरा. बेअरिंगमधले अंतर ८ सेंटीमीटर असेल, तर प्रत्येक बेअरिंगवर आडवी ओढ सुमारे २१७ किलो येते. तेच अंतर १६ सेंटीमीटर केले, तर ती १०९ किलोवर उतरते. हा उभ्या गाडीचा हिशेब झाला, तोही आर्मचे वजन सोडून. खड्ड्यात तिप्पट हिसका बसला असे मानले, तर पहिल्या रचनेत ही ओढ साडेसहाशे किलोपर्यंत जाते. स्पिंडल उंच ठेवण्याला जादा लागतो तो आठ सेंटीमीटर पाइप, आणि त्याने भार निम्मा होतो.

छोट्या ट्रेलरच्या हबमध्ये असतात तशी निमुळत्या रोलरची बेअरिंग मिळाली, तर उत्तम, कारण वरचा नट आवळून त्यातली सैलपणाची जागा काढून टाकता येते. ते जमत नसेल, तर लेथवर नीट मापात कातलेले गनमेटलचे बुश (पिनीभोवती बसणारी धातूची बांगडी) आणि ग्रीस भरायचे निपल पुरेसे आहे. कुपवाडच्या किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथकाम करणारे कसबी टर्नर आहेत. त्यांच्याकडे पिन आणि बुश दोन्ही एकदम घेऊन जावे, एक इथून आणि एक तिथून असे करू नये. पाणी वरून स्पिंडलमध्ये उतरू नये म्हणून टोपी लावावी. कोयनेच्या बाजूचा पाऊस आणि जांभ्याचा लाल चिखल उघड्या बेअरिंगमध्ये एका हंगामात ग्रीसची माती करतात.

स्पिंडल उभा करताना गाडी सपाट जागेवर घेऊन ओळंब्याने तपासावा. तो बाहेर किंवा मागे कललेला असेल, तर आर्म उघडताना आपोआप खाली ओढला जातो आणि बंद करताना उचलावा लागतो. हा दोष नंतर कुठल्याही पट्टीने निघत नाही.

क्लॅम्पने चाक पेलायचे नसते

आर्मच्या दुसऱ्या टोकाला बहुतेक जण एक टॉगल क्लॅम्प, म्हणजे दांडी दाबून आवळायची पकड, लावतात आणि काम झाले असे मानतात. क्लॅम्पचे काम आर्म ओढून घट्ट धरण्याचे आहे. वजन पेलायला त्याखाली पाचरीसारखी उतरती बैठक पाहिजे, जिच्यावर आर्मचे टोक चढून बसेल. ही बैठक असली की खड्ड्यात निम्मा भार तिच्यावर जातो आणि स्पिंडलची सुटका होते. आर्म आणि तो बंद झाल्यावर ज्याला टेकतो तो खांब यांच्यामध्ये कडक रबराचा बफर असावा आणि क्लॅम्प लावल्यावर तो दोन-तीन मिमी दबला पाहिजे. याची परीक्षा अगदी साधी आहे: वहीच्या कागदाची पट्टी रबर आणि लोखंड यांच्यात ठेवून क्लॅम्प लावावा आणि पट्टी ओढावी. ती निसटून आली, तर दाब अपुरा आहे. फाटली, तर ठीक आहे.

क्लॅम्पला सेफ्टी पिन हवीच. आणि आर्म उघडा असताना तो जागेवर थांबवणारी खीळही हवी. घाटात पंक्चर झाले, तर गाडी उतारावर उभी असते. खीळ नसलेला तीस-चाळीस किलोचा आर्म आपल्या वजनाने फिरतो आणि मागे वाकलेल्या माणसाच्या डोक्यावर किंवा दरवाज्यात अडकलेल्या बोटांवर येतो. ही सोय खर्चाने अगदी किरकोळ आहे आणि तरीही सर्वात जास्त वेळा राहून जाते.

'जाड तेवढे बळकट' हा गैरसमज

आपल्याकडचे फॅब्रिकेशनवाले ट्रॉल्या, शेड आणि फाटके करण्यात तरबेज आहेत. त्यांच्या हाताला जाड लोखंडाची सवय आहे. ५० बाय ५० मिमीचा ३ मिमी जाडीचा चौकोनी पाइप मीटरला सुमारे ४.४ किलो भरतो आणि ५ मिमीचा ७ किलो. आर्मला पहिला पुरतो. दुसरा घेतल्याने आर्म स्वतःच भार बनतो आणि सांधा मात्र तसाच राहतो. जाडी वाढवायची असेल, तर ती सांध्यापाशी, त्रिकोणी पट्टी लावून वाढवावी. या पट्टीचे टोक पाइपच्या वरच्या ताणाच्या बाजूवर आडव्या वेल्डिंगने संपवू नये. माझा तडा नेमका अशाच आडव्या वेल्डिंगच्या कडेपासून सुरू झाला होता. पट्टी निमुळती करून पाइपच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने वेल्ड करावी.

जिप्सीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसांमधले अंतर, २३७५ मिमी आहे. मागच्या आसापासून ९० सेंटीमीटर मागे ४० किलो जादा वजन लावले, तर मागच्या आसावर ५५ किलो वाढतात आणि पुढच्या आसावरचे १५ किलो कमी होतात. मागचे पाटे बसतात आणि हेडलाइटचा झोत वर जातो, म्हणून कॅरियर लावल्यावर झोत पुन्हा जुळवून घ्यावा.

आधी सगळीकडे फक्त वेल्डिंगचे छोटे टाके मारावेत, खरे चाक लावावे, दरवाजा पूर्ण उघडून पाहावा आणि मगच पूर्ण वेल्डिंग करावे, तेही आलटून पालटून दोन्ही बाजूंनी, नाहीतर उष्णतेने आर्म एका बाजूला ओढला जातो. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पाइप असेल, तर वेल्डिंगच्या जागेवरचा जस्ताचा थर घासून काढावा; त्याचा धूर छातीला वाईट. बंद पाइपच्या तळाला पाणी निघायला एक भोक ठेवावे.

चाकाची बैठक, दिवे आणि नंबर प्लेट

चाक लावायच्या प्लेटचे पीसीडी, म्हणजे बोल्टची भोके ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास, मोजूनच भोके पाडावीत. जिप्सी आणि जिम्नीचे ५ बोल्ट आणि १३९.७ मिमी असे आहे. चाकाचे नट गाडीचेच, निमुळत्या तोंडाचे वापरावेत. साधा षटकोनी नट रिमच्या निमुळत्या भोकात नीट बसत नाही आणि ढिला होत जातो. प्लेट किती पुढे हवी, हे हवा भरलेल्या टायरवर मोजावे, कारण मोकळ्या रिमवर मोजले की टायरचा फुगवटा आर्मला घासतो.

जिम्नीचे मागचे दिवे बंपरमध्येच आहेत, त्यामुळे लोखंडी बंपर करताना ते तितकेच स्पष्ट दिसतील अशी जागा आधी ठरवावी. वरचा तिसरा ब्रेकलाइट, रिव्हर्स कॅमेरा आणि पार्किंग सेन्सर चाकाआड जाता कामा नयेत. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर सक्तीचे आहेत. नंबर प्लेट झाकली जात असेल, तर ती दिव्यासह हलवावी लागेल. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरतील असे बदल करायला मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली आहे. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आपला नकाशा आणि वजन घेऊन आरटीओ कार्यालयात विचारणा करावी. ज्याला परवानगी मिळणार नाही, असे काम करून घेऊ नये.

आवाज आला तर

खडखड ऐकू आली की एकाने चाक वर-खाली हलवावे आणि दुसऱ्याने एक बोट आर्म आणि खांब यांच्या फटीवर, मग स्पिंडलच्या वरच्या फटीवर, मग खालच्या फटीवर टेकवावे. कानाला न कळणारी हालचाल बोटाला लगेच कळते. फट क्लॅम्पजवळ असेल, तर रबर बदलावे. स्पिंडलजवळ असेल, तर बेअरिंग आवळावे किंवा बुश बदलावे. दोन्ही घट्ट असूनही आवाज येत असेल, तर चाकाचे नट आणि चॅसीचे बोल्ट पाहावेत.

माझ्या दुसऱ्या कॅरियरच्या प्रत्येक नटावरून शेजारच्या लोखंडापर्यंत मी पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली आहे. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर दोन रेघा तुटलेल्या दिसल्या. ते नट आवळून नव्या रेघा ओढल्या. वेल्डिंगच्या जागांवर मुद्दाम फिकट राखाडी रंग दिला आहे, म्हणजे गंजाचा पहिला ओघळ काळ्या रंगात लपणार नाही. गाडी धुतल्यावर फडका मारण्याआधी त्या जागा मी आता पाहतो.