लेकराचं प्रगतिपत्रक वाचायचं कसं?

१ मेला झेंडावंदन झालं की निकाल हातात पडतो आणि गेटबाहेर पडायच्या आत कुणीतरी विचारतंच, "कितवा नंबर आला?" पहिली ते चौथीच्या प्रगतिपत्रकात याचं उत्तर नाही. २०१० पासून आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे, म्हणजे एका परीक्षेवर नाही, वर्षभराच्या कामावर श्रेणी ठरते. त्यातली श्रेणी लेकराला त्या इयत्तेचं किती जमतं एवढंच सांगते. शेजारच्या घरातल्या पोराशी तिचा संबंध नाही.

श्रेण्या अशा: १०० पैकी ९१ ते १०० गुणांना अ-१, ८१ ते ९० अ-२, ७१ ते ८० ब-१, ६१ ते ७० ब-२, ५१ ते ६० क-१, ४१ ते ५० क-२, ३३ ते ४० ड. त्याखाली इ-१ आणि इ-२.

नुसत्या श्रेणीवर मात्र थांबू नका. ती दोन भागांची बेरीज असते. पहिली-दुसरीला आकारिक मूल्यमापन ७० गुणांचं: रोजचं निरीक्षण, तोंडी काम, कृती, स्वाध्याय, छोट्या चाचण्या. सत्राच्या शेवटचं संकलित ३० चं, त्यात १० तोंडी किंवा प्रात्यक्षिक आणि २० लेखी. तिसरी-चौथीला हेच प्रमाण ६० आणि ४० होतं.

आता दुसरीतली दोन लेकरं घ्या, दोघांनाही गणितात ७२, म्हणजे ब-१. एकाचे आकारिक ६० आणि संकलित १२. वर्गात त्याला सगळं येतं, कागदावर अडतं. बहुतेक वेळा अशा लेकराला प्रश्नच धड वाचता येत नाही. त्याला गणिताची शिकवणी लावून उपयोग नाही, वाचन घ्यावं लागेल. दुसऱ्याचे ४६ आणि २६. त्याला येतं, पण वर्गकाम अर्धवट किंवा हजेरी कमी. श्रेणी एक, दुखणी दोन. पत्रकावर फक्त श्रेणी असेल तर पालक सभेत बाईंना किंवा सरांना नोंदवहीतले दोन्ही आकडे विचारा. मागायला लाजू नका.

मग वर्णनात्मक नोंदी: विशेष प्रगती, आवड, सुधारणा आवश्यक. "प्रगती चांगली आहे" ही नोंद वाचून काहीच कळत नाही. "हातच्याची बेरीज करताना हातचा मिळवायला विसरतो" ही खरी नोंद. पहिल्या प्रकारची असेल तर एकच विचारा: कोणती अध्ययन निष्पत्ती, म्हणजे त्या इयत्तेत यायला हवी अशी कोणती गोष्ट, राहिली? तांड्यावरच्या, घरी गोरमाटी (बंजारा बोली) बोलणाऱ्या लेकराला मराठीत "बोलत नाही" अशी नोंद आली तर ती हुशारीबद्दलची नाही, भाषेबद्दलची आहे.

घरी पडताळूनही बघता येतं. न वाचलेला सोपा उतारा द्या, घड्याळ लावा. निपुण भारत या केंद्राच्या वाचन-गणित मोहिमेच्या लक्ष्यानुसार दुसरीच्या शेवटी मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला किमान ६० शब्द, तेही समजून, वाचता यायला हवेत. वाचून झाल्यावर दोन प्रश्न विचारा, नाहीतर नुसता वेग मोजला जातो. अंकांसाठी "एकोणपन्नास" लिहायला सांगा. बरीच लेकरं ५९ लिहितात, कारण कानावर "पन्नास" पडतं. "तीनशे पाच"चे ३००५ होत असतील तर स्थानिक किंमत कच्ची आहे. शंभराच्या तीन आणि एकाच्या पाच खेळण्यातल्या नोटा मांडून दाखवा, लवकर सुटतं.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांनी दोन सत्रांचे रकाने वेगवेगळे वाचावेत. दिवाळीआधी ब-१ आणि एप्रिलमध्ये क-२ असेल तर आधी उपस्थितीचा रकाना बघा: लेकरू मागं पडलं नाही, शाळेतच नव्हतं. निघायच्या आधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड मागून घ्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवता येतं. लेकराला गावातच आजी-आजोबांकडं किंवा हंगामी वसतिगृहात ठेवायचं असेल तर त्याची चौकशी दसऱ्यालाच करा, टोळीची गाडी दारात आल्यावर नाही.